खाजुलीची झोप

वेणूच्या नाकाच्या शेंड्यावर एक खाजुली राहायची. तिळाहूनही इवली. खायची नाही, प्यायची नाही. नुसती झोपायची. घुर्र... घुर्र...

उद्या नागपंचमी. आत्याने वेणूच्या दोन्ही हातांना मेंदी लावली. आत्या म्हणाली, "वेणूबाई, मेंदी ओली आहे. हात हलवायचा नाही हं!"

वेणू बसली हात पसरून.

तेवढ्यात डास आला. गुंईऽऽ... टुच्च!

उडाली की खाजुलीची झोप! "अँऽऽ! माझी झोप गेली! कुणीतरी खाजवा, मग मी निजेन."

आणि वेणू? वेणूला पत्ताच नाही!

खाजुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. नखाकडे गेली.

"नखोबा, नखोबा, मला खाजव! मला झोप काही येईना!"

नखोबा म्हणाला, "बोट वाकेल, तर मी खाजवेन."

लुटुलुटु, लुटुलुटु. बोटाकडे गेली.

"बोटोबा, बोटोबा, वाक ना रे! बोट वाकेना, नख खाजवेना, मला झोप काही येईना!"

बोटोबा म्हणाला, "हात हलेल, तर मी वाकेन."

लुटुलुटु, लुटुलुटु. हाताकडे गेली.

"हातोबा, हातोबा, हल ना रे! हात हलेना, बोट वाकेना, नख खाजवेना, मला झोप काही येईना!"

हातोबा म्हणाला, "छे गं बाई! मेंदी ओली. आत्या ओरडेल. मेंदू सांगेल, तर मी हलेन."

लुटुलुटु, लुटुलुटु. चढली डोक्यात. हुश्श! मेंदू बसला होता ऐटीत.

"मेंदूराव, मेंदूराव, सांगा ना हो! मेंदू सांगेना, हात हलेना, बोट वाकेना, नख खाजवेना, मला झोप काही येईना!"

मेंदूराव म्हणाले, "कोण गं तू? मी असं कुणाचंही ऐकत नसतो. नस निरोप आणेल, तर मी सांगेन."

आता नस कुठे शोधायची? तिथे होती एक बारीक, लांब दोरी. खाजुली बसली तिच्यावर. घसर्रर्र... धप्प! पडली कुठे? नाकाच्या शेंड्यावर. आपल्याच घरी!

आणि ती दोरी? तीच नसताई!

"नसताई, नसताई, निरोप ने ना गं! नस निरोप नेईना, मेंदू सांगेना, हात हलेना, बोट वाकेना, नख खाजवेना, मला झोप काही येईना!"

नसताई खो खो हसली. "अगं वेडाबाई, मी तुझ्या दाराशीच असते! आधी मला हाक मारायची, की गावभर हिंडायचं?"

आणि काय! सर्रर्र... नसेने निरोप नेला.

मेंदू म्हणाला, "अरेच्चा! नाक खाजतंय!"

तेव्हा कुठे वेणूला कळलं. "आई गंऽऽ! माझं नाक!"

मेंदूने सांगितलं. हात हलला.

"वेणूऽऽ! मेंदी!" आत्या ओरडली.

बोट वाकलं. नखाने खाजवलं. खर्र खर्र खर्र!

अहाहा! खाजुली निजली. घुर्र... घुर्र...

सकाळी उठून बघतात तो काय, वेणूचे हात लाल, आणि नाकही लाल! आत्याने कपाळावर हात मारला.

वेणू म्हणाली, "आत्या, बघ ना! नाकच सगळ्यात छान रंगलंय!"

झोप खाजुलीला, मेंदी नाकाला, आणि गुदगुल्या... तुम्हाला!