ठकू पाथरवटीण आणि तीन पायांचा बेडूक

फार वर्षांपूर्वी, रेड्याचा डोंगर अजून आरपार झालेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या उगवतीला खडपेवाडी होती आणि मावळतीला पाणठाणे. खडपेवाडीत प्यायला पाणी मिळायची मारामार, तर पाणठाण्यात बारा महिने गुडघाभर दलदल. पेरलेलं सगळं कुजून जायचं. वाटणी करताना देवाचा डोळा लागला होता, असं म्हणतात. डोंगर असा आडवा, की या गावाचं त्या गावाला नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं.

खडपेवाडीत ठकू पाथरवटीण राहायची. घरोघरच्या गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीने टाकी लावून ती पोट भरायची. बोलायची कमी, पण एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवालाही जुमानायची नाही.

एका चैत्रात, सगळं रान करपलेलं असताना, ती डोंगराच्या पायथ्याशी दगड निवडत होती. तेवढ्यात कपारीतून एक बेडूक बाहेर आला. तीनच पाय, मागचा डावा नव्हताच. लंगडी उडी मारून तो तिच्यासमोर बसला. अंग ओलं, पाठीवर हिरवं शेवाळ. ठकूने त्याच्या पाठीवर बोट टेकलं, बराच वेळ त्या ओल्या बोटाकडे बघितलं, पदर खोचला आणि त्याच कपारीत पहिला घाव घातला.

गाव हसलं. पाटील म्हणाला, "ठके, बेडकाचं ऐकून डोंगुर फोडाया निघालीस व्हय?"

"बेडूक वला हाय, पाटील," ती म्हणाली. "कोरड्यातनं वला कसा यील?"

सात वर्षं ती खोदत राहिली. सकाळी जाती, दुपारी डोंगर. तिच्या हातांचे घट्टे असे कठीण झाले, की त्यांच्यावर छिन्नीला धार लावता यायची, असं म्हणतात. सातव्या वर्षी गावातली शेवटची विहीर आटली आणि आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गाव उठवायचं ठरलं. ठकूने वाद घातला नाही. जाती बाजूला ठेवली आणि दिवसभर डोंगरातच राहू लागली.

आखितीला चार दिवस उरले असताना तिने एक घाव घातला, आणि डोंगरानेही आतून एक घाव घातला. तिने दोन दिले, पलीकडून दोन आले. ठकूला एकदम रडू आलं. आपल्यासारखं येडं जगात दुसरंही कुणी असेल, हे सात वर्षांत तिच्या मनातच आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मधला दगड निखळला. समोर धुळीने पांढराफटक झालेला माणूस उभा होता. तो पाणठाण्याचा हैबती. दलदलीचं पाणी वाहून जावं म्हणून तोही सात वर्षं खोदत होता. पाणी आत शिरू नये म्हणून त्याने भुयाराच्या तोंडाशी मातीचा बांध घातला होता. आता तेवढा फोडायचा राहिला होता.

दोन्ही गावं बांधावर जमली आणि भांडण पेटलं, ते पहाटेपर्यंत मिटेना. पाणठाण्याचे म्हणाले, "युगत आमच्या हैबतीची, तुमच्या बाईनं चोरली. बांध फुटंल तो आमच्या हुकमानं." खडपेवाडीचे म्हणाले, "चोर तुमीच." काल जे हसत होते, ते आज युक्तीचे मालक झाले होते. तिकडे खडपेवाडीत गाड्या भरून उभ्या होत्या. दिवस उजाडला की गाव मोडणार होतं.

ठकू हैबतीपुढे जाऊन उभी राहिली.

"दादा, खरं सांग. तुला ही युगत सुचली कुठनं?"

हैबती लाजला. "हसू नगंस, बाई. एक बेडूक कपारीत शिरला, तो माघारी आलाच न्हाई. म्हनलं, बेडूक जातुया तर पानीबी जाईल."

"पाय किती व्हते त्याला?"

"तीन."

ठकू लोकांकडे वळली. "मी त्योच बेडूक भायेर येताना बघितला. युगत ना ह्याची, ना माझी. वाट बेडकाची व्हती. आमी दोघं तेवढं वाकून बघत व्हतो. आता सांगा, बांध कोन फोडतंय?"

मग तिने आपली छिन्नी हैबतीला दिली, त्याची पहार आपल्या हातात घेतली, आणि दोघांनी एकदमच घाव घातला. पाणी डोंगरातून धावत गेलं ते थेट खडपेवाडीत, गाड्यांना जुंपलेल्या बैलांच्या खुरांपर्यंत. बैलांनी माना खाली घातल्या आणि ते पोटभर पाणी प्यायले. पाण्याच्या पुढे पुढे लंगड्या उड्या मारत बेडूक येत होता, असं म्हणतात. गाड्या त्याच दिवशी सोडल्या.

अजूनही आखितीला दोन्ही गावं भुयाराचा गाळ काढतात. खडपेवाडीची बाई पाणठाण्याची पहार उचलते, पाणठाण्याचा गडी खडपेवाडीची छिन्नी घेतो. आणि त्या बाजूला दोघांना एकच गोष्ट सुचली, "आधी मला सुचलं" म्हणत ती दोघं हमरीतुमरीवर आली, की जवळचं कुणी म्हातारं माणूस शांतपणे विचारतं, "पाय किती होते?"

"तीन," दोघंही एकदम म्हणतात, आणि कामाला लागतात.