चांता आजीचा प्रश्न

"सांगा बरं भंते, चांता आजीचं तोंड मी कसं बंद केलं असेल?"

प्रज्योत मेश्राम धापा टाकत विहाराच्या पायऱ्या चढून आला होता. भंडाऱ्याचा हा पोरगा भिक्षू व्हायला थायलंडच्या एका खेड्यात येऊन राहिला होता. उद्या त्याची दीक्षा, आणि आज गडी नुसता हवेत.

म्हातारे गुरू भिक्षूच्या वस्त्राची, चीवराची, घडी घालत होते. "कसं?"

"विहाराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं, की समोरच्या घरातून आजी ओरडायची, 'पै नै?' म्हणजे कुठं चाललास! अहो, आमच्याकडे निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारत नाहीत. काम फिसकटतं! मी दर वेळी मागं फिरायचो, घोटभर पाणी प्यायचो, मग पुन्हा निघायचो."

"बरं…"

"शेवटी परवा सांगूनच टाकलं. पण काय अदबीनं, भंते! हात जोडले, वाकलो, शेवटी तुमचं आदराचं 'ख्रप'सुद्धा लावलं. 'आजी, मी कुठं जातो याच्याशी आपल्याला काय करायचंय, ख्रप.' थाईत एक चूक नाही! तेव्हापासून आजी गप्प!"

गुरूंचा हात थांबला.

"घरातून निघताना तुझी आई काय म्हणायची?"

"आई? 'जातो म्हणू नये, येतो म्हणावं', हेच. आता ती नाही…"

"इथल्या आया त्याच मायेनं 'पै नै' म्हणतात."



"पण… उत्तर काय द्यायचं मग?"

"'हे काय, इथंच.' तेवढं पुरतं."

झाडावर पाखरं कलकलत होती. प्रज्योतला ती आता नकोशी झाली.

"दीक्षेचं चीवर आईच्या हातून घ्यायची रीत आहे," गुरू म्हणाले. "तुझी आई नाही, म्हणून गावातल्या एकीनं ते काम मागून घेतलं होतं. हे तिनंच शिवलंय."

"कोणी…?"

गुरूंनी घडी त्याच्यापुढे सरकवली.

"आज सकाळी परत ठेवून गेली. म्हणाली, पोराला मी आवडत नाही."

 प्रज्योतनं दोन्ही हातांनी चीवर उचललं, छातीशी धरलं आणि तो धावतच पायऱ्या उतरला. आजी घरी असेल ना? दार उघडेल ना? चप्पल घालायचंही त्याला भान राहिलं नाही.

तो फाटकाशी पोचला, तोच मागून गुरूंची खणखणीत हाक आली.

"अरे, कुठं चाललास?"