चोराची स्वतःच्या घरावर पाळत

एकदा एक चोर आपल्या लेकीला घेऊन, तिचीच तक्रार करायला, आपल्या गुरूकडे गेला. हसू नका. चोरांनाही गुरू असतो, आणि त्यांची गुरूवर श्रद्धा तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त. कारण तिथे धडा विसरला की थेट बेड्याच पडतात. आणि हा काही भुरटा नव्हता. तीन राज्यांचे कोतवाल त्याला पकडण्यासाठी उपास धरून बसले होते. त्यांची पोटं तेवढी आत गेली, चोर काही आत गेला नाही. सात कुलपांआडचा हार काढून न्यायचा आणि सातही कुलपं पुन्हा नीट लावून जायचं, अशी त्याची रीत. असा टापटिपीचा माणूस सज्जनांत सापडणं कठीण.

गुरू आता थकला होता. पूर्वी भिंती चढण्यासाठी दोर वळायचा, आता विहिरीच्या पोहऱ्यासाठी वळायचा.

"गुरुजी, हिला समजवा," चोर म्हणाला. "चोर व्हायचं म्हणते!"

"मग? सुताराच्या पोरानं रंधा मागितला तर सुतार रडत येतो का माझ्याकडे?"

"थट्टा नको. मी जन्मभर कड्याच्या टोकावरून चाललो. एक दिवस माझा पाय घसरणारच. हिचा घसरू नये, एवढंच मागतो."

लेकीचं नाव सगुणा. वय विशीचं, आई लहानपणीच गेलेली, हनुवटी कायम वर. ती म्हणाली, "आजोबा, माझं ठरलंय. आबांनी नेलं तर त्यांच्याबरोबर जाईन. नाही नेलं तर मागून जाईन. आता मी घरी बसणार नाही."

गुरूनं दोर खाली ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं. पैज लावा. सगुणा दुपारी निजते तेव्हा उशाशी पाण्याचा तांब्या असतो. उद्या तो तिच्या नकळत उचलून माझ्याकडे आण. आणलास, तर ही चोरीचं नाव टाकेल. सापडलास, तर तू हिला धंदा शिकवायचास. कबूल?"

"कबूल," सगुणा तात्काळ म्हणाली.

चोराला हसू आवरेना. "गुरुजी, राजाच्या उशाखालची किल्ली आणली मी. माझ्याच घरातला तांब्या आणायला काय लागतं?"

"पंधरा दिवस पाळत ठेवल्याशिवाय कुठल्याही घरात पाऊल टाकायचं नाही, हा आपला पहिला नियम. आठवतो ना?"

"स्वतःच्या घरावर कसली पाळत ठेवायची?" असं म्हणून चोर निघालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो स्वतःच्या छपरावर चढला. स्वयंपाकघरावरचं एक कौल सैल आहे आणि त्याखाली ओटा आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कौल अलगद सरकलं. तो मांजराच्या पावलानं खाली उतरला, तो थेट ताकाच्या डेऱ्यात. ओटा सगुणानं चार वर्षांपूर्वीच पलीकडे हलवला होता. गुडघ्यापर्यंत ताकात उभा असलेला तो महान पुरुष श्वास रोखून पाय काढतो आहे, तोच मागून कुणीतरी त्याचं धोतर ओढलं. त्यानं वळून पाहिलं. शेळी होती. चांगली लठ्ठ, आणि घरच्या मालकिणीसारखी त्याच्याकडे रोखून बघणारी. तिनं धोतर सोडलं आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली.

सगुणा डोळे न उघडताच म्हणाली, "पाहुण्यांनी पुढच्या दारानं यावं, आबा."

ओल्या धोतरानं चोर गुरूपुढे उभा राहिला. ताकावर माश्या बसत होत्या. "गुरुजी, आणखी एक संधी द्या. लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे."

म्हातारा पोट धरून हसला, मग एकाएकी गंभीर झाला. "नगरशेठच्या जिन्याची कितवी पायरी करकरते?"

"नववी."

"दिवाणांची आई किती वेळा खोकून झोपते?"

"तीन वेळा."

"आणि तुझ्या घरात शेळी कधीपासून आहे?"

चोर धोतरावरच्या माश्या हाकलू लागला.

"तीनशे घरांवर तू लक्ष ठेवलंस, बाबा. त्या घरांतलं कोण केव्हा जागं असतं, कोण कशाला भितं, सगळं तुला पाठ. आणि ज्या घराला तू आपलं म्हणतोस तिथे तुला ओटा सापडत नाही. ते घर तुला परकं आहे. परक्या घराचा नियम तुला ठाऊक आहे. दिली संधी. जा, पाळत ठेव."

चोर हट्टाला पेटला. समोरच्या चिंचेवर चढून बसला आणि जन्मात ठेवली नव्हती अशी पाळत त्यानं त्या घरावर ठेवली. पहाटे सगुणा दळते. दळताना गुणगुणते, पण ओळ अर्ध्यावर सोडते. दाराची कडी वाजली की हातातलं काम टाकून उभी राहते. शेजारीण असली की पुन्हा बसते. पहिल्यांदा त्याला वाटलं, वा, काय सावध पोर आहे, जातिवंत चोर! दिवसातून सात-आठ वेळा तेच पाहिल्यावर त्याला तसं वाटेनासं झालं.

दुपारी ती दोन ताटं घ्यायची. एकात जेवायची. दुसऱ्यात भाकरी वाढून, वर ताट झाकून ठेवायची. संध्याकाळी ते ताट उघडायची आणि ती भाकरी शेळीला घालायची. रोज.

शेळी एवढी लठ्ठ कशानं झाली, ते चोराला सहाव्या दिवशी कळलं. उरलेले नऊ दिवस त्यानं झाडावर कसे काढले, ते त्याचं त्याला माहीत.

सोळाव्या दुपारी तो उतरला. आता त्याला तिचा श्वास केव्हा संथ होतो तेसुद्धा ठाऊक होतं; तांब्या उचलणं हातचा मळ होता. पण तो पुढच्या दारानं आला, कडी वाजवून. झाकलेल्या ताटासमोर मांडी घालून बसला आणि गार भाकरी मोडून खाऊ लागला. शेळीनं फार आरडाओरडा केला. तिचा हक्कच गेला होता.

सगुणा उठून बसली. "आबा, तांब्या राहिला."

"राहू दे. मी हरलो. आता तुला धंदा शिकवायला हवा."

तिनं शेळीला ताटापासून बाजूला ढकललं.

"तुम्ही जाणार आहात का धंद्याला?" तिनं विचारलं.

"नाही. दोर गुरुजींना परत करून आलो."

"मग मी एकटी त्या काळोखात जाऊन काय करू?" असं म्हणत तिनं चूल पेटवली. "थांबा, गरम करते दुसरी."

मंडळी, तुम्ही काही चोर नाही, हे मला मान्य आहे. तरी पण एकदा दुपारचे घरी जा, आणि तुमच्या नावानं काय झाकून ठेवलंय ते बघा.