मुसाच्या कोठीचं डावं दार

पाहुणे, त्या डाव्या दाराला जरा हात लावून बघा. गार लागतं ना? लाकूड नाही ते, दगड आहे. बिजागऱ्या, कड्या, फळ्यांमधल्या चिरा, सगळं छिन्नीनं कोरलेलं. मधले उंच खांब, त्यांवरचं त्रिकोणी कपाळ, दोन्ही अंगांच्या मोजून सारख्या खिडक्या, अशी घरं तिकडे फ्रान्सात मोठे लोक शेतीवाडीच्या मधोमध बांधत. आमच्या वडाळखेडात असलं घर कसं उभं राहिलं, त्याची हकीकत जुनी माणसं अशी सांगतात.

मराठी फौजेत पलटणीला कवायत शिकवणारा एक फ्रेंच सरदार होता. त्याचे लोक त्याला ‘मुस्यू’ म्हणत, गावाने त्याचं ‘मुसा’ करून टाकलं. सटवाजी कोळ्याची थोरली लेक गोजा त्याने घरात आणली आणि तिच्यासाठी ही कोठी बांधली, म्हणे. दार हवं होतं एकच, उजव्या अंगाला. डावीकडे आतून धुराड्याच्या शेकोटीची भिंत होती. आमच्या उन्हाळ्यात शेकोटी, आता काय बोलावं! पण एका अंगाला दार आणि दुसऱ्याला नाही, हे मुसाला काही केल्या खपेना. “इकडे आहे ते तिकडे पाहिजे,” म्हणाला. परगावच्या पाथरवटांनी दगडाचं दार कोरलं आणि त्यावर लाकडासारखा रंग दिला.

गोजाबाईला त्या दाराची लाज वाटे. गावाला कळलं तर कोठीचं हसं होईल, या धास्तीने तिने दसऱ्याला उजव्या दारासारखंच त्या दगडालाही तोरण बांधलं, हळदीकुंकू वाहिलं. तिची धाकटी बहीण ठकू पायऱ्यांखाली उभी राहून बघत होती.

“अगं बया, दोन दोन दारं! एवढ्या दारांचं करतेस काय?”

गोजाबाई नुसती हसली. तेव्हाच सांगितलं असतं तर! पण नाही सांगितलं. आणि तोरण बांधलेलं दार खोटं असेल, असं आपल्याकडे कोणाच्या मनात तरी येईल का?

पेंढारी आले ते भरदुपारी. मुसा मोहिमेवर होता. सगळं गाव जीव मुठीत धरून कोठीकडे धावलं. कोणी उजव्या दाराने आत आले. ज्यांना डावं जवळ पडलं ते तिकडे गेले. घोडे आवारात शिरले तशी गोजाबाईने उजव्या दाराला अडसर घातला आणि वळली, तर शेकोटीच्या भिंतीवर बाहेरून धपाधप हात पडत होते.

“गोजे, दार उघड! मी आहे, आपले आबा आहेत!” धुराड्यातून ठकूचा आवाज खाली आला.

गोजाबाईने शेकोटीत डोकं घातलं आणि जीव खाऊन ओरडली, “ठके, ते दार नाही! उजवीकडे पळ!”

“तोरण आहे की गं याला!”

गोजाबाई उजव्या दाराकडे धावली. हात अडसरावर ठेवला. मागे बायका पोरांना पोटाशी धरून तिच्याकडे बघत होत्या आणि बाहेर पायऱ्यांवर टापा वाजत होत्या. तिने अडसर काढला नाही. भिंतीवरचे हात हळूहळू कमी झाले, मग थांबले. पेंढाऱ्यांना कोठी फुटली नाही. आतले सगळे वाचले, बाहेरचं कोणीच नाही.

मुसा परतल्यावर म्हणाला, शेकोटी पाडू, तिथे खरं दार काढू. गोजाबाईने विचारलं, “आता कोणासाठी?” पुढे मुसा गेला, पलटण मोडली, बागेत बाभळी माजल्या. ती मात्र मरेपर्यंत इथेच राहिली. रोज संध्याकाळी अडसर घालण्याआधी त्या भिंतीला कान लावून उभी राहायची, असं सांगतात.

आजही वडाळखेडात दार लावण्याआधी घरातली बाई भिंतीला कान लावते. नव्या सुनेला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. ऐकू आलंच तर काय करायचं, ते मात्र कोणाला माहीत नाही. गोजाबाईलाही नव्हतं.