सारंग मोठा की पंजरी

आटपाट नगर नव्हतं, आटपाट बंदर होतं. तिथे गुणाजी सारंग राहत होता, त्याची बायको भागीरथी, आणि शेवंती नावाची एकुलती एक लेक. खाडीपलीकडे लवू पंजरी राहत होता, आणि टेकाडावरच्या दर्ग्यात लतीफबाबा फकीर.

गुणाजी काय, लवू काय, जात एक, देव एक, मासळी एकाच पाण्यातली. नावं तेवढी वेगळी. ती नावं जुन्या आरमारातली. आरमार कधीच मोडलं, पण हुद्दे घरांना चिकटून राहिले. सारंग म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. पंजरी म्हणजे डोलकाठीच्या टोकाला बसून लांबवर नजर ठेवणारा.

लवूनं शेवंतीला मागणी घातली, तेव्हा गुणाजी म्हणाला होता, "काठीवरच्या माकडांच्या घरी सारंगाची लेक जात नसते."

लवू उठून गेला. त्यानं दुसरीकडे लग्न केलं नाही. शेवंतीनं आलेलं प्रत्येक स्थळ परतवून लावलं. भागीरथी लेकीच्या मांडवाची वाट बघत राहिली, आणि वाट बघता बघताच गेली.

मग घर खायला उठलं. शेवंती बापाचं ताट वाढायची, पण बोलायची नाही.

गुणाजीला एक नाद लागला. आपलं घराणं केवढं ते शोधायचं. बंदरोबंदरी फिरला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत सुटला, आरमारात कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली. आपण लवूला परत पाठवलं ते बरोबरच केलं, एवढंच त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

शेवटी टेकाड चढून आला.

"बाबा, सारंग मोठा की गलबत चालवणारा तांडेल?"

लतीफबाबांचं अर्धं आयुष्य गलबतांवर गेलेलं. अंगण झाडता झाडता ते थांबले.

"कशाला हवंय?"

"घराण्याचं शोधतोय. हुद्दे नीट समजून घ्यायचेत. वरून खाली सांगा."

"वरून खाली?"

"हो."

"मग सगळ्यात वर पंजरी. त्याच्या वर फक्त घारी."

गुणाजीचं तोंड आंबट झालं.

"थट्टा नको, बाबा. मानानं वर कोण ते विचारतोय."

"बरं. चल खाली."

दोघं पुळणीवर आले. बाबांनी काठीनं वाळूत गलबत काढलं. पुढे नाळ, मागे सुकाण. मग तीच काठी मधोमध रोवली, डोलकाठी म्हणून.

"तुझा पणजा सारंग. राहा उभा त्याच्या जागी."

"कुठे?"

"एवढी बंदरं फिरलास. कुणी सांगितलं नाही?"

गुणाजी नाळेवर गेला आणि छाती काढून, दर्याकडे तोंड करून उभा राहिला.

"खलाशी तुझ्या पाठीमागे राहिले. हुकूम कुणाला देणार? पाण्यातल्या बांगड्यांना?"

बाबांनी त्याला खांद्याला धरून मागे आणलं. काठीच्या बुडाशी उभं केलं. तोंड खलाशांकडे, पाठ दर्याकडे.

"हा असा. आता दे हुकूम."

"काय हुकूम देऊ?"

"शीड चढवा म्हण, उतरवा म्हण. सारंग आहेस."

"पण पुढे काय आहे... खडक आहे की खोल पाणी... मला कसं कळणार? मी तर पाठमोरा."

बाबा काठीच्या टोकाकडे बघत राहिले.

गुणाजीनंही वर बघितलं.

तो म्हणाला, "पण मान सारंगाचाच मोठा ना?"

"मोठाच. गळ्यात रुप्याची शिट्टी असायची त्याच्या."

"मग झालं तर."

"तुझा पणजा आरमारात लागला तेव्हा काय होता?"

"सारंग."

"पहिल्याच दिवशी?"

गुणाजी पायानं वाळू उकरू लागला.

"आधी तळातलं पाणी उपसायचं. पाठ मोडली नाही, तर काठीवर चढायचं. नजर चांगली निघाली, माणसं ऐकायला लागली, मग सारंग. आमच्या वेळच्या गलबतांवरही दुसरी वाट नव्हती."

"म्हणजे माझा पणजाही काठीवर..."

"नाहीतर काय आभाळातून उतरला?"

"मग लवूकडचे पंजरीच का राहिले?"

"आरमार मोडलं, तेव्हा जो ज्या जागी उभा होता, त्या जागेचं नाव घेऊन घरी आला. पंजऱ्याची बढती होईपर्यंत कोण थांबणार होतं?"

गुणाजी वाळूत बसला. म्हातारा दिसायला लागला एकदम.

"भागीरथी म्हणायची, लवूला बोलवा हो. जाईपर्यंत म्हणत होती. मी म्हणायचो, तुला हुद्द्यातलं काय कळतं..."

बाबांनी त्याची समजूत घातली नाही.

"तिला काय सांगू आता?"

"तिला आता काही सांगता यायचं नाही," बाबा म्हणाले. "पलीकडे जाणारी होडी मात्र आहे अजून. ओहोटी लागायच्या आत जा."

लवू अंगणात जाळं सांधत बसला होता. कानाजवळचे केस पिकलेले. गुणाजीला बघून उठला नाही.

"सारंग पंजऱ्याच्या दारी? बंदर हसेल."

"हसू दे. शेवंतीसाठी आलोय."

लवूचा हात थांबला.

"तिला विचारलंत?"

"ती बोलत नाही माझ्याशी."

"भागीरथीकाकी होत्या तेव्हा का नाही आलात?"

लवूनं जाळं गुंडाळून ठेवलं.

"चला. मीच विचारतो तिला."

लग्न झालं. नवरीच्या भांगाजवळ एखादा रुपेरी केस होता, बायका पदराआड हसल्या. आईच्या जागी मावशी उभी राहिली. गुणाजीनं त्या बाजूला बघितलंच नाही. लेक निघाली तेव्हा बापाजवळ येऊन म्हणाली, "जेवण वेळेवर करा." किती दिवसांनी बोलली. तेवढं ऐकून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग देवालाही दया आली. उशिरा का होईना, शेवंतीची कूस उजवली. मुलगी झाली. सारंगाच्या घरी पाळणा आला, पंजऱ्याच्या घरी पेढे वाटले, आणि खाडीवरची होडी दोन्ही घरच्या माणसांनी भरून येऊ जाऊ लागली.

नातीला घेऊन गुणाजी टेकाड चढला. शेवंती आणि लवू मागोमाग.

"बाबा, डोळे बघा हिचे. भागीरथीचे आहेत..."

बाबांनी बघितलं. मान हलवली.

"तिनं बघायला हवं होतं हिला," गुणाजी म्हणाला. मग जुनी खोड ती, राहवलं नाही. "तर बाबा, हिला आता म्हणायचं काय? सारंगांची की पंजऱ्यांची?"

पोर रडायला लागली होती.

बाबा म्हणाले, "भूक लागलीय तिला. आईकडे दे."