राणीच्या लेकीचा गोफ

एका राज्यात मधुमालिनी नावाची राणी राज्य करत होती. राज्य केवढं? पिकल्या द्राक्षाच्या सालीवर यीस्टचे कण वस्तीला असतात, त्यांतल्या एका कणाएवढं. पण त्याला तट होता, महाल होता, आणि महालाच्या गाभाऱ्यात चार रंगांच्या मण्यांचा दुपदरी गोफ होता. राज्यात काय घडावं, कधी घडावं, ते सारं त्या मण्यांच्या क्रमात ओवलेलं. तेच त्या राज्याचं धन.

तिथे लेक जन्मायची ती तटाला कोंब फुटून. लेकीसाठी हुबेहूब दुसरा गोफ विणायचा, तो कोंबात पाठवायचा, आणि मगच लेक वेगळी व्हायची. यंदाचा गोफ विणून तयार होता. मुहूर्त जवळ आला होता. अंजोरी नावाची पहारेकरीण रिवाजाप्रमाणे दोन्ही गोफांवरून बोटं फिरवत चालली होती.

तेवढ्यात आकाशातल्या दाहक नावाच्या मांत्रिकाने किरणाचा बाण मारला. लेकीच्या गोफाचे दोन्ही पदर तुटले. "जिच्या गळ्यात हा गोफ पडेल, ती आपलं कूळ विसरेल," असा शाप देऊन तो ढगाआड गेला. वाजंत्रीच्या गलक्यात कुणाला काही कळलं नाही. पण अंजोरीच्या बोटाला उघडं टोक लागलं आणि ती साळुंकीच्या पिंजऱ्याकडे धावली.

"साळुंके, ऊठ!" म्हणत तिने पिंजऱ्यातल्या साळुंकीच्या कपाळी टिळा लावला. त्या राज्यातले सेवक टिळा लागेपर्यंत झोपूनच असत, मोठे आळशी! साळुंकीने पुढच्याला टिळा लावला, त्याने त्याच्या पुढच्याला. बघता बघता सारा महाल जागा झाला आणि पाठवणीचं दार उघडता उघडता थांबलं.

राणी संतापली. "माझ्या लेकीची पाठवणी कोणी अडवली?"

"मी, राणीसाहेब."

"त्याला देहदंड असतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण गोफ तुटलाय."

प्रधान लगबगीने पुढे झाला. "एवढंच ना? टोकाला टोक जोडा, गाठ मारा. मुहूर्त टळायला नको."

"गाठीत मणी गळतील आणि लेक आपलं कूळ विसरेल," साळुंकी म्हणाली. "तीन कामं करा. टोकं मागे उसवा. उसवल्या पदराचं जुळं राणीसाहेबांच्या गोफात शोधा. जुळ्यावरून मणी ओवा."

"तुटलेलं आणखी उसवायचं?" प्रधानाने कपाळावर हात मारून घेतला.

अंजोरी वाद घालत बसली नाही. ती उसवत गेली. मणी टपाटप ओंजळीत पडत होते. मग सुटा पदर घेऊन ती राणीच्या गोफापाशी आली आणि मणी ताडून पाहू लागली. इथे जुळेना, तिथे जुळेना. अखेर एका जागी रंगांचा मेळ बसला.

आता तिसरं काम. नमुना आतल्या अंगाला होता. तो दिसायचा तर राणीचा धडधाकट गोफ उलगडायला हवा. राणीच्या गोफाला कुणी हात लावून तो उलगडू नये, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक. उलगडताना तुटला तर राणीही जाणार आणि लेकही.

राणीने कोंबाकडे पाहिलं. लेक आत निवांत होती, तिला कशाचीच खबर नव्हती.

"उलगड," ती म्हणाली.

अंजोरीने पदर अलगद सोडवले आणि सुटा पदर मधे निजवला. गोफाच्या नेमाप्रमाणे निळ्यासमोर पिवळा, तांबड्यासमोर पांढरा, असे मणी ओवत राहिली. मुहूर्त टळला. वाजंत्रीवाले कंटाळून बसले. शेवटचा मणी बसल्यावर तिने पदर परत लेकीच्या गोफात विणला, राणीचा गोफ होता तसा वळला आणि दोन्ही गोफांवरून पुन्हा बोट फिरवलं. टोक कुठेच लागलं नाही. शाप कापरासारखा उडून गेला.

टिळे पुसले गेले, दार उघडलं. गोफ गळ्यात घालून लेक तटापासून सुटली, शेजारच्याच द्राक्षावर तिने आपलं राज्य मांडलं, आणि तिथून पहिली हाक मारली ती "आई!" अशी. राणी रडली, हसली, पुन्हा रडली.

मग तिने अंजोरीला समोर बोलावलं. अंजोरी मान खाली घालून उभी राहिली.

"पुढच्या खेपेला दार आधी अडव," राणी म्हणाली, "मला नंतर सांग. आणि मी चिडले, तर माझंही ऐकू नकोस."

तेव्हापासून त्या राज्यात मुहूर्त राणी काढते, पण दार अंजोरीच्या शब्दावर उघडतं.