आधी ताण, मग फिरव

एका गावात एक भोळा बुध्या होता. भोळा म्हणजे ठोंब्याच, उगाच गोड कशाला बोला. म्हादूमामाच्या बॅनरच्या दुकानात तो कंप्युटरवर बसायचा. मामाची हौसा त्याच्या मनात होती. हौसालाही तो पसंत होता. का, ते देवाला ठाऊक. मामा म्हणाला होता, "एक बॅनर धड करून दाखव, पोरगी तुझी."

पहिला बॅनर पैलवानाचा. फोटो उंच करायचा, मग जरा तिरका. बुध्याने आधी तिरका केला, मग वर ताणला. पैलवान खिळखिळ्या खाटेसारखा एका अंगाला कलला. एक खांदा कानाशी, दुसरा कमरेशी.

मामा ओरडला, "गाढवा, आधी ताण, मग फिरव!"

"बरं मामा."

मग सरपंच आले. मोबाइलमधला फोटो आडवा, जसे काही झोपलेत. उभे करून उंच करायचे होते. बुध्याने आडव्यालाच वर ताणलं, मग फिरवून उभं केलं. उंची होती तेवढीच. सरपंच म्हशीएवढे रुंद.

"अरे, आडव्याला आधी फिरव, मग ताण!"

"बरं मामा."

मग बारशाचं बाळ. नुसतं फिरवायचं होतं. बुध्याने कोपऱ्याला धरून फिरवलं. बाळ कागदाबाहेर गेलं. मागे उरला पायाचा अंगठा.

"मधोमध धरून फिरवावं रे, शहाण्या!"

"बरं मामा."

शेवटी मामा म्हणाला, "तुमच्या साखरपुड्याचा बॅनर तूच कर. माझा फोटो उंच, थोडा तिरका. हा चुकलास तर हौसा दुसऱ्या घरी."

काम पैलवानासारखंच होतं. पण बुध्याच्या डोक्यात सरपंच बसलेले. त्याने मधोमध धरलं, आधी फिरवलं, मग ताणलं.

बॅनर मांडवाच्या दारात लागला. पाहुणे जमले. बॅनरवरचा मामा असा काही पिळलेला, की त्याला बघता बघता खाली उभ्या मामाचीही मान वाकडी झाली.

"मेल्या, माझं डोकं सरळ कर आधी!"

बुध्याने मामाकडे पाहिलं. डोकं खरंच वाकडं होतं. मधोमध काय? नाक. त्याने नाक धरलं. फिरवलं. मग दोन्ही कान धरून ताणलं. कट्‌ असा आवाज झाला. डोकं खांद्यावर आडवं झालं ते तसंच राहिलं, दातखीळही बसली.

हौसाने बॅनर पाहिला, बाप पाहिला. म्हणाली, "हुबेहूब तर आहे. चूक कुठंय?"

भटजींनी विचारलं, "मग यजमान, मुलगी दिली ना?"

मामाला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडेना. मान आडवी हलवायला गेला, ती हलली वरखाली.

बुध्या वाकून पाया पडला.

"बरं मामा."